मोह, जांभूळ, कडुनिंबाची रोपे पावसाळ्यात बुडातून मरतात: ट्रायकोडर्मा आणि मायकोरायझा कधी व कसे वापरावे?

प्रश्न : गोदाकाठ_रोपवाटिका (त्र्यंबकेश्वर तालुका, नाशिक)

नमस्कार. आमच्या महिला बचत गटाची त्र्यंबकच्या बाजूला छोटी रोपवाटिका असून आम्ही मुख्यतः स्थानिक झाडांची रोपे तयार करतो. मोह, जांभूळ, बेहडा, अर्जुन, खैर, शिवण, थोडा साग, आणि सिन्नर-येवल्याकडून मागणी असते म्हणून कडुनिंब. मार्च-एप्रिलमध्ये पेरलेली रोपे बहुतेक तरतात. मात्र मोह, जांभूळ आणि कडुनिंब यांचे बी मुळात मे अखेरीपासून जुलैपर्यंत हाती येते, ते साठवून ठेवता येत नाही आणि त्यामुळे ऐन पावसाच्या तोंडावरच पेरावे लागते. आमचे सर्वाधिक नुकसान याच रोपांचे होते.

लक्षणे दोन प्रकारची दिसतात. गादीवाफ्यावर नुकतेच उगवलेले रोप जमिनीलगत बारीक व पाणीदार होते आणि पाने हिरवी असतानाच आडवे पडते. ही मर वाफ्याच्या एका कोपऱ्यातून सुरू होऊन गोलाकार पसरत जाते. पिशवीतली थोडी मोठी, चार-सहा पानांची रोपे मात्र उभ्या उभ्या सुकतात.

पिशव्या भरण्यासाठी आम्ही धरणातला काळा गाळ, शेणखत आणि थोडी वाळू घेतो. मागील हंगामात कृषी सेवा दुकानदाराच्या सल्ल्याने आधी कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची आळवणी केली (ते पाण्यातून मुळाशी ओतले) आणि त्याच आठवड्यात ट्रायकोडर्मा या मित्रबुरशीची, म्हणजे रोगकारक बुरशीवर मात करणाऱ्या बुरशीची, पावडर पाण्यातून दिली, तरी मर थांबली नाही. माझे प्रश्न असे आहेत. रोग दिसल्यानंतर मित्रबुरशीचा उपयोग होतो का? ट्रायकोडर्माऐवजी मायकोरायझा (झाडाच्या मुळांशी सहजीवनाने राहणारी बुरशी) वापरावी की दोन्ही? वनझाडांच्या रोपांसाठी प्रमाण काय ठेवावे? द्राक्ष-डाळिंबाबद्दल खूप लिहिलेले सापडते, परंतु जंगली झाडांच्या रोपांबद्दल मराठीत फार कमी मिळते, म्हणून सविस्तर विचारत आहे.

उत्तर : मूळ_आणि_माती

ताई, आपण लक्षणे नीट वेगळी करून लिहिली आहेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. तरीही औषध किंवा मित्रबुरशी ठरवण्याआधी रोग ओळखणे आवश्यक आहे, कारण ‘मर’ या एका नावाखाली आपण किमान पाच वेगळे रोग मोजत असतो.

सकाळी पाणी देण्याआधी मरू लागलेले रोप मातीसह उपटून बादलीत हलक्या हाताने धुवा. मुळाची साल दोन बोटांत धरून ओढल्यावर ती मोज्यासारखी निघून आली आणि आत फक्त पांढरा दोरा उरला, तर पिथियम या बुरशीसारख्या रोगकारकाचा संशय घ्यावा. जमिनीलगत तांबूस-तपकिरी, कोरडा, आत दबलेला डाग असेल आणि त्याला मातीचे कण बारीक तंतूंनी चिकटलेले असतील, तर ती बहुधा रायझोक्टोनिया बुरशी असते. बुडाशी पांढरी बुरशी पंख्यासारखी पसरलेली आणि त्यात मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले, तर ती स्क्लेरोशियम रोल्फसाय आहे. उभे सुकलेले रोप ब्लेडने उभे चिरल्यावर आतल्या भागात तपकिरी रेघ दिसली, तर फ्युजेरियम बुरशीचा विचार करावा. मात्र सागाच्या रोपात अशी रेघ दिसली तर आणखी एक तपासणी करा. खोडाचा ताजा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या काचेच्या ग्लासात अर्धा बुडवून धरा. काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधाळ धागा खाली उतरू लागला तर तो जीवाणूजन्य मर रोग आहे आणि त्याच्यासाठी ट्रायकोडर्मावर अवलंबून राहता येणार नाही. तशी रोपे पिशवीसकट काढून जाळणे आणि त्या वाफ्याचे पाणी इतर वाफ्यांकडे वाहू न देणे हाच तेथे मार्ग आहे. मुळांवर गाठी दिसल्या तर सूत्रकृमी, तो विषय पुन्हा वेगळा. नक्की कळले नाही तर गोवर्धन येथील मुक्त विद्यापीठाचे कृषी विज्ञान केंद्र आपल्याला जवळ आहे. तेथे ताजी रोपे ओल्या कागदात गुंडाळून दाखवावीत.

आता मुख्य मुद्दा. ट्रायकोडर्मा रोग बरा करत नाही, ती जागा आधी व्यापते. तिचे तंतू रोगकारक बुरशीच्या तंतूंना वेढे घालतात, कायटिनेज व ग्लुकॅनेज यांसारखी विकरे सोडून त्यांची भित्ती विरघळवतात आणि मुळाभोवतीचे अन्न स्वतः वापरून टाकतात. काही वाण प्रतिजैविक द्रव्येही सोडतात आणि मुळाशी त्यांचा संबंध आल्यावर रोपाची स्वतःची प्रतिकारशक्तीही जागी होते. यातले प्रत्येक काम वेळ मागते. कोवळे रोप जमिनीलगत पाणीदार झाले की त्याच्या हातात तो वेळ नसतो, म्हणून आडव्या पडलेल्या रोपांवर आळवणी करून काही साधत नाही. त्याच वाफ्यातील अजून निरोगी असलेल्या रोपांना ती दिली तर थोडा उपयोग होतो, परंतु खरा उपयोग पेरणीपूर्वी माती आणि बी या दोन्हींतून दिल्यावरच होतो.

आपल्या मागील हंगामाचे कारण बहुधा क्रमात आहे. कार्बेन्डाझिम ट्रायकोडर्मालाही मारते, त्यामुळे त्याच आठवड्यात दिलेली पावडर जमिनीत टिकली नसावी. दुसरीकडे, पिथियम व फायटोफ्थोरा हे बुरशीसारखे दिसत असले तरी खऱ्या बुरशीच्या गटातले नाहीत आणि कार्बेन्डाझिमचा त्यांच्यावर परिणाम होत नाही. म्हणजे आपल्या वाफ्यावर पिथियम असेल, तर त्या एका आळवणीने शत्रू वाचला आणि मित्र गेला, असे घडले असण्याची शक्यता मोठी आहे. पिथियमसाठी रासायनिक उपाय करावाच लागला तर मेटॅलॅक्झिल गटातले औषध लेबलवरील शिफारशीप्रमाणे वापरावे. ट्रायकोडर्मा ते बऱ्यापैकी सहन करते.

आपला प्रश्न झाडांच्या रोपांबद्दल आहे म्हणून एक संदर्भ मुद्दाम देतो. ट्रायकोडर्मा दुसऱ्या बुरशीवर जगते हे संशोधक वाइंडलिंग यांनी १९३२ मध्ये दाखवले आणि त्यानंतर फॉसेट यांच्यासोबत कॅलिफोर्नियात लिंबूवर्गीय झाडांच्या रोपांवरच रायझोक्टोनियाविरुद्ध प्रयोग केले, जे १९३६ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे या विद्येची सुरुवातच झाडाच्या रोपांपासून झाली आहे. त्या प्रयोगांत माती आम्लधर्मी केल्यावर ट्रायकोडर्माचे पारडे जड होत असल्याचे दिसले होते. आपल्याकडे याचा व्यावहारिक अर्थ असा, की धरणातला काळा गाळ विम्लधर्मी आणि निचऱ्याला वाईट असतो, तर त्र्यंबक-इगतपुरीकडची तांबडी माती किंचित आम्लधर्मी आणि मोकळी असते. आपण घाटमाथ्याजवळ राहून पिशव्यांत गाळ भरत आहात, हे मला सर्वांत आधी बदलावेसे वाटते.

उत्तर : दिंडोरी_नर्सरी

वरील उत्तराशी मी सहमत आहे. रोपवाटिका चालवणारा म्हणून त्यात कामाच्या बाजूने थोडी भर घालतो.

शेणखतात ट्रायकोडर्मा वाढवून मगच मातीत मिसळावी, नुसती पावडर मातीत टाकू नये. पूर्ण कुजलेले, थंड झालेले शेणखत १०० किलो घ्यावे आणि त्यात १ किलो ट्रायकोडर्मा पावडर थरांमध्ये पसरून मिसळावी. थोडी निंबोळी पेंड घातल्यास उत्तम. ढीग सावलीत करावा, ओल इतकी ठेवावी की मूठ दाबल्यावर गोळा व्हावा पण बोटांतून पाणी गळू नये, आणि वरून ओले गोणपाट झाकावे. दर तीन-चार दिवसांनी ढीग खालीवर करून पाणी शिंपडावे. साधारण दहा-पंधरा दिवसांत ढिगात पांढरी आणि मग हिरवट वाढ दिसते. ती दिसली की पिशवीच्या मिश्रणात हे खत घालावे. शेण कच्चे असेल तर ढीग तापतो, त्या उष्णतेत मित्रबुरशी मरते आणि उरलेल्या कच्च्या शेणावर पिथियम पोसते. आपल्या भागात मे महिन्यात घाईने आणलेले शेणखत बहुतेक वेळा कच्चेच असते, म्हणून त्याची सोय हिवाळ्यातच करून ठेवावी.

बियांना दर किलोस ५ ते १० ग्रॅम पावडर गुळाच्या पातळ पाण्यात चोळून सावलीत सुकवावी आणि लगेच पेरावे. जांभळाच्या बीचा गर पूर्ण धुऊन काढल्याशिवाय ही प्रक्रिया करू नये, कारण त्या गोड गरावर पहिल्या दोन दिवसांतच नको ती बुरशी येते. मोहाचे बी जाड, तेलकट आणि लवकर कुजणारे. ते खोल पेरले की खालीच सडते, म्हणून जेमतेम मातीआड करावे. उगवणीनंतर आळवणी द्यायची असल्यास एक लिटर पाण्यात ५ ते १० ग्रॅम घेऊन संध्याकाळी द्यावी, कारण कडक उन्हात बीजाणू टिकत नाहीत. टाकीच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर घातलेली असेल तर ते पाणी या कामाला वापरू नये.

हे सर्व करूनही पाणी चुकले तर रोप जाते. जुलैच्या रिपरिपीत वरून पाऊस आणि हाताने झारी असे दोन्ही चालू असते, ते थांबवले पाहिजे. वाफसा आल्याशिवाय झारी उचलू नये, पिशवीला तळापर्यंत छिद्रे असावीत, पिशव्या थेट चिखलावर न ठेवता खडीच्या थरावर ठेवाव्यात आणि बी दाट पेरू नये. एका कोपऱ्यातून पसरणारी मर म्हणजे त्या कोपऱ्यात पाणी साचते, हे मी जवळजवळ खात्रीने सांगू शकतो.

मायकोरायझा विकत घेण्याची गरज मला फारशी वाटत नाही. जुन्या मोहाखालची माती मूठभर प्रत्येक पिशवीत घातली की काम भागते.

उत्तर : सह्याद्री_वनस्पती

दादा, शेवटच्या मुद्द्यावर मला वेगळे मत मांडावेसे वाटते. जुन्या झाडाखालच्या मातीत मायकोरायझा निश्चित असते आणि ती त्या जागेला सरावलेलीही असते, परंतु त्याच मातीत रायझोक्टोनिया, फ्युजेरियम आणि सूत्रकृमीही असू शकतात. जंगलात शंभर बिया पडून एक रोप वाचले तरी चालते, रोपवाटिकेत चालत नाही. शिवाय प्रत्येक हंगामात जंगलातून माती उचलणे योग्यही नाही.

त्याऐवजी स्थानिक मायकोरायझा आपणच वाढवता येते. या गटातली बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढत नाही, म्हणून शेणखताच्या ढिगात ती ट्रायकोडर्मासारखी वाढवण्याचा प्रयत्न व्यर्थ आहे. सूर्यतापाने निर्जंतुक केलेल्या वाळूमिश्रित मातीच्या छोट्या वाफ्यात मोहाखालची थोडी माती आणि बारीक मुळे मिसळून त्यावर ज्वारी, बाजरी किंवा मका पेरावा. मोहरी किंवा कोबीच्या कुळातील पिके यासाठी चालत नाहीत, कारण त्यांच्या मुळांशी ही बुरशी नाते जोडत नाही. साधारण तीन महिन्यांनी पाणी तोडून, वरची ताटे कापून, मुळे बारीक करून त्या मातीसह पेरणीच्या वेळी बीखाली चिमूट-दोन चिमूट घालावी. ज्वारीची मुळे निरोगी आहेत ना हे आधी पाहून घ्यावे. त्यांवर गाठी किंवा कूज दिसली तर तो वाफा वापरू नये.

सूर्यतापाची पद्धत इस्राएलमध्ये कॅटन व सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये मांडली. आपल्याकडचे एप्रिल-मेचे ऊन त्याला पुरेसे आहे. माती भिजवून, वीतभरापेक्षा कमी जाडीचा थर पसरून, त्यावर पारदर्शक प्लास्टिक घट्ट ताणून कडा मातीत पुराव्यात आणि चार ते सहा आठवडे तसेच ठेवावे. द्राक्षबागेत किंवा भाजीपाल्यात वापरलेला काळा-चंदेरी मल्चिंग पेपर येथे चालत नाही, कारण ऊन आत शिरून माती तापली पाहिजे. तापवलेली माती जवळजवळ रिकामी असते. त्यात प्रथम कोण शिरते यावर पुढचा हंगाम ठरतो, म्हणून प्लास्टिक काढताच ट्रायकोडर्मा वाढवलेले शेणखत मिसळावे.

मायकोरायझा रोपाचे रक्षण कसे करते, याबद्दल दुकानांत बरेच अतिरंजित बोलले जाते. डोनाल्ड मार्क्स यांनी १९६९ मध्ये पाइनच्या मुळांवर दाखवले, की मुळावर बुरशीचे आवरण असल्यास फायटोफ्थोरा आत शिरू शकत नाही. ते संशोधन भक्कम आहे, पण ती बाह्य प्रकारची मायकोरायझा होती. मोह, जांभूळ, कडुनिंब, खैर, अर्जुन, साग यांच्या मुळांत अंतर्गत प्रकारची मायकोरायझा असते, जी मुळाच्या पेशींत शिरते आणि बाहेर असे आवरण करत नाही. तिचे संरक्षण अप्रत्यक्ष आहे. रोपाला स्फुरद व पाणी अधिक मिळते, मुळे लवकर भरतात, आणि कुजलेल्या मुळांची भरपाई रोप करू शकते. मुळात तिचा जम बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. नेमक्या याच काळात कोवळे रोप आडवे पडत असते, म्हणून आपल्या पहिल्या लक्षणावर मायकोरायझाचा उपयोग नाही, तेथे ट्रायकोडर्मा आणि निचराच हवा. दुसऱ्या लक्षणात, म्हणजे मोठ्या रोपांच्या सुकण्यात, आणि पुढे माळावर लावल्यानंतर मात्र ती मोठा आधार देते. विकत घ्यायचीच असेल तर अंतर्गत प्रकारची घ्यावी. बाह्य प्रकार मिसळलेल्या महागड्या पाकिटांचा आपल्या या झाडांना फायदा नाही. मिश्रणात सुपर फॉस्फेट मुबलक घालू नये, कारण स्फुरद भरपूर मिळाले की रोप या बुरशीला मुळात फारसे शिरू देत नाही.

गोदाकाठ_रोपवाटिका

सर्वांचे मनापासून आभार. आज सकाळी सांगितल्याप्रमाणे रोपे धुऊन पाहिली. वाफ्यावरच्या जांभळाच्या रोपांची मुळाची साल सहज निघून आतला पांढरा दोरा उरतो. पिशवीतल्या कडुनिंबाच्या खोडात तपकिरी रेघ आहे. सागाचा तुकडा ग्लासात धरला, पाणी स्वच्छ राहिले. कोपऱ्याबद्दल दिंडोरीच्या दादांनी लिहिले ते खरे आहे, शेडनेटचे पाणी तेथेच गळते. गाळ बंद करून तांबडी माती घेण्याचे आम्ही सर्वजणींनी ठरवले आहे. दोन शंका उरतात. पाकीट चांगले आहे हे दुकानात कसे ओळखावे, आणि ट्रायकोडर्मा मायकोरायझाला खात नाही का? आमच्या गटातील दोघी शेजारच्या खोलीत धिंगरी अळिंबी घेतात, त्यांनाही हे विचारायचे आहे.

उत्तर : मूळ_आणि_माती

ताई, जांभळात पिथियम आणि कडुनिंबात फ्युजेरियम असावे, असे आपल्या वर्णनावरून वाटते. कडुनिंबाची दोन-तीन रोपे केंद्रात दाखवून खात्री करावी. शेडनेटची गळती मात्र आजच वळवा.

पाकिटाबद्दल सांगायचे तर ट्रायकोडर्मा कीटकनाशक कायदा, १९६८ खाली येते, म्हणून त्यावर नोंदणी क्रमांक, उत्पादनाची व मुदत संपण्याची तारीख आणि जिवंत बीजाणूंची संख्या छापलेली असलीच पाहिजे. पावडरमध्ये दर ग्रॅमला किमान २० लाख जिवंत घटक हे आपल्याकडचे मानक आहे. छापलेला आकडा उत्पादनाच्या दिवसाचा असतो, पत्र्याच्या छपराखाली एप्रिलभर पडलेल्या पाकिटात तो उरत नाही. म्हणून ताज्या तारखेचे, थंड जागी ठेवलेले पाकीट मागावे. घरी आणल्यावर थोडी पावडर ओल्या, उकडून गार केलेल्या भातावर टाकून झाकून ठेवा. आठवड्याभरात हिरवी वाढ आली नाही तर ते पाकीट वापरू नका. वाढ आली म्हणजे वाण उत्तम असे सिद्ध होत नाही, परंतु मेलेले पाकीट यातून कळते. हाताळताना नाकातोंडावर कापड बांधावे.

ट्रायकोडर्मा आणि मायकोरायझा एकत्र दिल्याचे परिणाम प्रयोगांत दोन्ही प्रकारचे मिळाले आहेत, कुठे पूरक तर कुठे मायकोरायझा कमी झालेली. दोन्ही एकाच मुठीत मिसळू नयेत. ट्रायकोडर्मा आधी खतातून मातीत मुरलेली असावी आणि मायकोरायझा पेरणीच्या वेळी थेट बीखाली द्यावी, एवढे अंतर ठेवलेले बरे. ट्रायकोडर्माची नंतरची आळवणी दोन-तीन आठवड्यांनी द्यावी.

अळिंबीबाबत मात्र कडक राहा. आपल्या वाफ्यातला मित्र अळिंबीच्या खोलीत हिरव्या बुरशीचा रोग म्हणून ओळखला जातो आणि पिशव्याच्या पिशव्या बाद करतो. खताचा ढीग अळिंबीच्या खोलीपासून दूर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला करावा. ढीग हलवलेल्या हातांनी किंवा त्याच कपड्यांनी त्या खोलीत जाऊ नये.

उत्तर : दिंडोरी_नर्सरी

ज्वारीच्या वाफ्याची पद्धत मला पटली, या हिवाळ्यात मीही करून पाहीन. ताई, एक विनंती आहे. जांभळाचा एक वाफा तांबड्या मातीचा, पण मित्रबुरशी न घालता ठेवा. बाकी पाणी, सावली, बी सारखेच असू द्या. दोन्ही वाफ्यांतली उभी रोपे उगवणीनंतर दर आठवड्याला एकाच दिवशी मोजून वहीत लिहा आणि ऑगस्ट अखेरीस येथे कळवा. माती बदलल्याने वाचलेल्या रोपांपलीकडे ट्रायकोडर्माने किती वाचली, हे त्यावरून कळेल. पुढच्या वर्षी पैसा कशावर घालायचा हेही आपल्याला त्यातून ठरवता येईल.